इमर्जन्सीत पेशंट तुंबतात, खाटा वाढवूनही फरक नाही: सिस्टिम म्हणून याकडे कसं बघायचं?

खाटांचा_हिशेब

३०० खाटांचं जनरल हॉस्पिटल. रोज सरासरी ५० ॲडमिशन, सरासरी मुक्काम ५.४ दिवस. इमर्जन्सीत ॲडमिशन ठरल्यानंतर वॉर्डात खाट मिळायला सकाळी अकरा ते संध्याकाळी सात या वेळात चार-पाच तास लागतात. मध्यरात्रीनंतर हेच काम तासाभरात होतं. वर्षभरापूर्वी १२ खाटा वाढवल्या. दोन-तीन महिने बरं चाललं, मग पुन्हा जैसे थे.

आतापर्यंतचे उपाय: ट्रायाजला (आलेल्या पेशंटपैकी आधी कुणाला बघायचं हे ठरवतात तिथे) जादा डॉक्टर, "दुपारी बाराच्या आत डिस्चार्ज" असं परिपत्रक आणि रोज सकाळी खाटांची मीटिंग. प्रत्येक विभाग म्हणतो की उशीर आमच्याकडे होत नाही. गंमत म्हणजे प्रत्येकाचे आकडे तपासले तर ते खरेही निघतात. लॅबचा रिपोर्ट वेळेत, फार्मसी वेळेत, बिलिंग वेळेत. तरी पेशंट अडकलेलाच.

सिस्टिम्स थिंकिंगवरची प्रेझेंटेशन्स भरपूर आहेत. हिमनग, वर्तुळं, बाण सगळं असतं. मला हवंय ते हाताने करायचं काम: काय मोजायचं, कागदावर काय काढायचं, कुणाला बसवायचं, आणि पहिला हात कुठे घालायचा?

---

रांगेचं_गणित

आधी तुमचेच आकडे गुणून बघा. रोज ५० ॲडमिशन × ५.४ दिवस = २७० खाटा भरलेल्या, म्हणजे ९० टक्के. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला हा साधा नियम आहे: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले आत राहण्याचा काळ. यात दोनच चाव्या आहेत. ॲडमिशन तुमच्या हातात फारशा नाहीत. मुक्काम ५.४ वरून ५.० वर आला तर ५० × ५ = २५०, म्हणजे ८३ टक्के. पेशंटमागे साडेनऊ तास वाचले की २० खाटा मोकळ्या. तुम्ही बांधल्या त्या बारा.

आणि हे साडेनऊ तास उपचारातून काढायचे नाहीत. उपचार संपल्यावर नुसतं पडून राहण्यात जे तास जातात, त्यातून काढायचे. त्यावर बाकीचे लिहितीलच.

९० टक्के म्हणजे ३० खाटा रिकाम्या, मग अडचण कसली, असं मॅनेजमेंटला वाटतं. अडचण अशी की त्या ३० खाटा एका ढिगात नसतात. दोन बालरोगात, तीन प्रसूतीत, एक आयसोलेशनमध्ये, चार पुरुष सर्जिकलमध्ये. आणि दारात उभी असलेली पेशंट बाई, न्यूमोनियाची. १९९९ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका सिम्युलेशन अभ्यासात सरासरी ऑक्युपन्सी (भरलेल्या खाटांचं प्रमाण) ८५ टक्क्यांच्या वर गेली की खाट न मिळण्याचा धोका दिसू लागतो आणि ९० च्या वर वारंवार कोंडी होते, असं निघालं होतं. पण ८५ हा आकडा देवाऱ्यात ठेवू नका. युनिट जितकं लहान, तितकी त्याला जास्त मोकळीक लागते. १० खाटांच्या आयसीयूला सरासरी मागणी ८ खाटांची असेल आणि पेशंट यादृच्छिक येत असतील, तर साधारण १२ टक्के वेळा खाट मिळणार नाही. अशी दोन युनिट्स एकत्र केली, २० खाटा आणि १६ ची मागणी, तर हेच प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आसपास येतं. एकही खाट न वाढवता.

जिथे खरोखर एकच खिडकी आहे (एक सीटी मशीन, एक इको करणारा, डिस्चार्जची बिलं करणारा एकच माणूस) तिथे वाट बघण्याचा वक्र फारच चढा असतो. येण्याच्या आणि कामाच्या वेळा दोन्ही अनियमित असतील तर ८० टक्के व्यस्ततेला सरासरी वाट एका कामाच्या वेळेच्या ४ पट, ९० ला ९ पट, ९५ ला १९ पट. "मशीन ९५ टक्के वापरात" हे ज्या अहवालात अभिमानाने छापलेलं असतं, त्याच अहवालात पुढच्या पानावर मुक्काम वाढल्याची खंत असते.

एक गोष्ट आजच बदला: ऑक्युपन्सी मध्यरात्रीच्या गणतीवरून काढू नका. त्या वेळी डिस्चार्ज झालेले गेलेले असतात आणि कोंडी सुटलेली असते. तासातासाला गणती काढा. तुमच्या वर्णनावरून दुपारी एक ते चारमध्ये आकडा शंभराच्या वर गेलेला दिसेल.

---

वॉर्डची_चावी

वरच्याशी सहमत. "प्रत्येक विभाग वेळेत, तरी पेशंट अडकलेला" या कोड्याचं उत्तर सोपं आहे. विभाग आपलं काम हातात घेतल्यापासून संपेपर्यंतची वेळ मोजतात. दोन विभागांच्या मधली वेळ कुणाच्याच खात्यात पडत नाही. घोडं पेंड खातं ते तिथे.

म्हणून विभाग सोडा, खाटेच्या मागे लागा. दोन आठवडे, सगळे वार येतील असे किमान शंभर डिस्चार्ज घ्या आणि प्रत्येकाला या नऊ वेळा लिहा:

१. पेशंट घरी जाण्याजोगा झाला
२. डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला
३. समरी तयार झाली
४. औषधं आणि बिल पूर्ण
५. पेशंटने खाट सोडली
६. सफाई सुरू
७. सफाई पूर्ण
८. सिस्टिममध्ये खाट "रिकामी" दिसली
९. पुढचा पेशंट खाटेवर

यातली पहिली वेळ कुठल्याही संगणकात नसते. ती राउंडला नर्सने किंवा ज्युनियर डॉक्टरने हाताने लिहावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यात मोठी फट १ आणि २ च्या मध्येच सापडते. संध्याकाळी सहाला ताप उतरून चोवीस तास झालेले असतात, पण "उद्या राउंडला बघू". शनिवारी तर थेट सोमवार. बाराच्या आत डिस्चार्जचं परिपत्रक २ ते ५ वर बोट ठेवतं, तासांचा खड्डा १ ते २ मध्ये आहे. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

दुसरी फट ५ ते ६. पेशंट गेला हे सफाईवाल्यांना कोण सांगतं? अनेक ठिकाणी कुणीच नाही. ते आपल्या फेरीत येतील तेव्हा कळतं. सफाईला लागतात २५-३० मिनिटं, सफाईची वाट बघण्यात जातो तासभर.

तिसरी फट ७ ते ८. ही नाजूक आहे, कारण इथे खाट तयार असते आणि दाखवली जात नाही. याला "खाट लपवणं" म्हणतात आणि सिस्टर-इन्चार्जना नोटिसा निघतात. पण वॉर्डच्या बाजूने बघा. जो वॉर्ड लवकर खाट दाखवतो त्याला लगेच नवी ॲडमिशन मिळते. नव्या ॲडमिशनला पहिल्या तासात व्हायटल्स, हिस्टरी, लाइन, औषधांची पडताळणी, नातेवाइकांशी बोलणं हे सगळं येतं, आणि तेही दुपारी दोनच्या शिफ्ट बदलाला. म्हणजे चपळाईचं बक्षीस जादा काम, ढिलाईचं बक्षीस शांतता. अशा नियमात देवमाणूस बसवला तरी तो खाट अडीचनंतरच दाखवेल.

उपाय नोटीस नाही. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात अशी मधली शिफ्ट करून दोन-तीन वॉर्डांत मिळून एक ॲडमिशन नर्स ठेवा, जी फक्त नवे पेशंट घेते. एका वॉर्डात एका तासात किती नव्या ॲडमिशन जातील याला मर्यादा घाला. आणि खाट "रिकामी" हे बटण वॉर्डकडे न ठेवता सफाई संपवणाऱ्याच्या फोनवर द्या. क्रम महत्त्वाचा: आधी पहिले दोन, मग बटण. उलट केलंत तर वॉर्ड सफाईवाल्यालाच सांगेल, "जरा थांबून दाब."

---

उलटे_बाण

कागदावर काय काढायचं ते सांगतो, कारण बहुतेक कार्यशाळा इथेच वाया जातात.

सुरुवात बाणांनी करू नका. भिंतीवर वेळेचा आलेख लावा: गेले बारा महिने, आठवड्यागणिक, चार रेषा. इमर्जन्सीत खाटेसाठी थांबलेल्यांचे तास, सरासरी मुक्काम, चुकीच्या वॉर्डात ठेवलेल्या पेशंटची संख्या, नर्सेसच्या आजारपणाच्या रजा. १२ खाटा वाढवल्या तो आठवडा खुणेने दाखवा. आता खोलीतल्या लोकांना एकच प्रश्न: या रेषा अशा का वळल्या? "कुणामुळे" हा शब्द आला की थांबवा.

बसवायचे सहा ते आठ जण: वॉर्ड नर्स, ज्युनियर डॉक्टर, सफाईचा सुपरवायझर, खाटा वाटणारा माणूस, फार्मसिस्ट, बिलिंगमधला क्लार्क, इमर्जन्सीचा रजिस्ट्रार. विभागप्रमुखांना पहिल्या बैठकीला बोलावू नका, कारण ते असले की बाकीचे गप्प बसतात. त्यांना दुसऱ्या बैठकीला काढलेलं चित्र दुरुस्त करायला बोलवा. दीड तास पुरतो.

मग बाणांचं चित्र: कशामुळे काय बदलतं ते घटक लिहून बाणांनी जोडा. प्रत्येक घटक असा हवा की तो वाढला किंवा कमी झाला असं म्हणता येईल. "स्टाफची मानसिकता" चालणार नाही. "एका नर्समागे पेशंट" चालेल. बाणावर अधिक म्हणजे दोन्ही एकाच दिशेने सरकतात, उणे म्हणजे उलट. लूप (बाणांची फिरून पहिल्या घटकाकडे येणारी साखळी) पूर्ण झाला की उणे मोजा. सम (किंवा शून्य) असतील तर तो लूप स्वतःलाच वाढवत नेतो, विषम असतील तर आवर घालतो. जिथे परिणाम उशिरा येतो त्या बाणावर दोन तिरक्या रेघा. पंधराच्या वर घटक गेले की थांबा. साठ बाणांचं जाळं फोटो काढायला छान दिसतं, त्यातून निर्णय निघत नाही.

तुमच्या हॉस्पिटलात जवळपास नक्की सापडेल असा लूप हा. खाटा भरल्या → मेडिसिनचा पेशंट सर्जिकल वॉर्डात टाकला → त्याच्या टीमचा राउंड तिथे शेवटी, अकराऐवजी दीड वाजता पोहोचतो → तपासण्या दुसऱ्या दिवशीवर, वॉर्डच्या नर्सना त्या आजाराची सवय नाही → मुक्काम एक-दीड दिवसाने वाढतो → खाटा आणखी भरतात. एकही उणे नाही. कोंडी कोंडीला जन्म देते. "रांगेचं_गणित" यांनी खाटा एकत्र करण्याचा फायदा सांगितला, तो बरोबर आहे, पण त्याची दुसरी बाजू हीच. सारखी देखभाल लागणारी युनिट्स एकत्र करा. "जिथे जागा दिसेल तिथे टाका" म्हणजे खाटा एकत्र करणं नव्हे.

दुसरा लूप इमर्जन्सीच्या आत. ॲडमिशन ठरलेले आठ पेशंट तिथेच पडून असले की त्यांची औषधं, बेडपॅन, व्हायटल्स इमर्जन्सीच्याच नर्स करतात. नव्यांकडे बघायला हात कमी. त्यांचं निदान उशिरा, ॲडमिशनचा निर्णय संध्याकाळी, आणि सगळ्यांच्या मागण्या एकदम. म्हणून ट्रायाजला जादा डॉक्टर देऊन उपयोग झाला नाही. त्याने आत येण्याचा वेग वाढवला, बाहेर जाण्याचा नाही.

आणि १२ खाटांचं काय झालं? खाटा मोकळ्या दिसल्या, तसा डिस्चार्ज उरकायचा दबाव उतरला, "राहू दे आजची रात्र" वाढलं. सर्जरीच्या याद्या लांबल्या. आजूबाजूच्या दवाखान्यांनी जास्त पेशंट पाठवले. मुक्काम जरासा चढला की बारा खाटा भरतात: ५० ॲडमिशनला मुक्काम फक्त पावणेसहा तासांनी वाढायची खोटी. परिणाम यायला दोन-तीन महिने लागले, म्हणून मधल्या काळात उपाय लागू पडल्यासारखा वाटला.

---

ओटी_यादी

इमर्जन्सीला दोष देणाऱ्यांनी एकदा ऑपरेशनची यादी उघडावी. इमर्जन्सीत रोज किती येणार हे बऱ्यापैकी सांगता येतं. सरासरी २० असतील तर बहुतेक दिवस ११ ते २९ च्या आत. त्याहून मोठे चढउतार आपण स्वतः ठरवून करतो, ठरलेल्या ऑपरेशनांच्या वाटणीतून. यूजीन लिटवाक यांनी हा मुद्दा अनेक वर्षं मांडला आहे: निसर्गाने दिलेले चढउतार सांभाळावे लागतात, माणसाने केलेले काढून टाकता येतात.

हिशेब करून दाखवतो. आठवड्याला ७० ऑपरेशनं, सगळ्यांचा मुक्काम चार रात्री. वाटणी सोमवार २२, मंगळवार २०, बुधवार १४, गुरुवार ९, शुक्रवार ५. रात्रीच्या भरलेल्या खाटा सोमवारपासून: २७, ४२, ५६, ६५, ४८, २८, १४. गुरुवारी ६५ आणि रविवारी १४! आता तीच ७० रोज १४ अशी वाटा: २८, २८, ४२, ५६, ५६, ४२, २८. शिखर नऊ खाटांनी खाली आलं, एकही ऑपरेशन कमी न करता.

तरी गुरुवार-शुक्रवारचा उंचवटा उरतोच, कारण शनिवार-रविवार ऑपरेशनं नाहीत. म्हणून नुसती संख्या नव्हे, मुक्कामही वाटा. एका रात्रीची कामं सोमवार-मंगळवार-बुधवार, लांब मुक्कामाची काही गुरुवार-शुक्रवार, म्हणजे ती रिकाम्या शनिवार-रविवारच्या खाटा वापरतील. इथे एक मोठी अट आहे. शनिवार-रविवारी फिजिओ, सीनियर राउंड आणि रक्ताच्या तपासण्या पूर्ण ताकदीने चालू नसतील तर हे करू नका. शुक्रवारी मोठं ऑपरेशन आणि रविवारी बघायला अनुभवी माणूस नाही, हे मिश्रण धोक्याचं आहे. आधी वीकेंडचा स्टाफ, मग यादी.

अडचण गणिताची नाही. ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) वार वर्षानुवर्षं सर्जनच्या सोयीने ठरलेले असतात आणि त्यांची बाहेरची ओपीडी त्याला बांधलेली असते. सगळ्यांचे वार हलवायला गेलात तर सहा महिने मीटिंगाच होतील. फक्त लांब मुक्कामाचे दोन-तीन प्रकार निवडा (सांधेबदल, मोठी पोटाची ऑपरेशनं) आणि एका आठवड्यात एका वारी त्यांची कमाल संख्या बांधा. तेवढ्याने शिखर बरंच खाली येतं. इमर्जन्सी ऑपरेशनांसाठी एक ओटी वेगळी राखणंही त्याच कामाचा भाग आहे. नाहीतर रात्रीचं अपेंडिक्स सकाळच्या यादीत घुसतं आणि शेवटच्या दोन केस रद्द होऊन पेशंट उगाच एक दिवस जास्त राहतात.

---

खाटांचा_हिशेब

सगळ्यांचे आभार, वेळा लिहायचं काम पुढच्या सोमवारपासून घेतो. एक जोडप्रश्न. याच गर्दीच्या तासांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त होते. चौकशी समिती प्रत्येक वेळी तेच लिहिते: "संबंधितांना पुन्हा प्रशिक्षण द्यावे, अधिक दक्षता घ्यावी." हेही त्याच सिस्टिमचं पिल्लू समजायचं का?

---

डबल_चेक

हो. आणि "दक्षता घ्यावी" हे वाक्य अहवालात आलं की समजायचं, चौकशी अर्ध्यावर सोडली.

जेम्स रीझन यांचं छिद्रांच्या चकत्यांचं चित्र (प्रत्येक चकती एक बचाव, सगळ्यांची छिद्रं एका रेषेत आली की अपघात) सगळ्यांना माहीत असतं, पण लोक त्यातून शेवटची चकती, म्हणजे औषध देणारी नर्स, एवढीच बघतात. समितीला एक सवय लावा. प्रत्येक शिफारशीपुढे कंसात लिहायचं: कमकुवत, मध्यम की भक्कम. प्रशिक्षण, परिपत्रक, भिंतीवरचं पोस्टर, लाल स्टिकर हे कमकुवत, कारण माणसाच्या लक्षात राहण्यावर सगळं अवलंबून. चेकलिस्ट, दोन सारख्या दिसणाऱ्या औषधांच्या जागा वेगळ्या करणं, कामाचा भार कमी करणं हे मध्यम. चूक करताच येणार नाही अशी रचना भक्कम. प्रत्येक अहवालात निदान एक मध्यम किंवा भक्कम शिफारस नसेल तर तो परत पाठवायचा.

भक्कम म्हणजे काय याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण विंक्रिस्टिन. कॅन्सरचं हे औषध शिरेतून द्यायचं असतं; चुकून पाठीच्या मणक्यातून दिलं गेलं तर पेशंट जवळपास नेहमी दगावतो. वर्षानुवर्षं लेबलं लागली, इशारे छापले, दोघांनी तपासायचे नियम झाले, तरी चूक घडतच राहिली, कारण शिरेतून द्यायचं आणि मणक्यातून द्यायचं अशी दोन्ही औषधं सिरिंजमध्ये भरून एकाच ट्रेमध्ये येत. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली इशारा देताना सांगितलं की विंक्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, पातळ करून छोट्या पिशवीत द्या. ५० मिलीची पिशवी मणक्याच्या सुईला कुणी जोडायला जात नाही. तिथे कुणाच्या दक्षतेची परीक्षाच उरत नाही.

संगणकातल्या धोक्याच्या सूचनांवर भिस्त ठेवू नका. २००६ च्या एका आढाव्यात औषधांच्या सुरक्षा सूचना ४९ ते ९६ टक्के वेळा डावलल्या जातात असं दिसलं होतं. प्रत्येक घटनेनंतर एक सूचना वाढवायची, मग सूचना इतक्या होतात की वाचल्याशिवाय बंद होतात, मग पुढची घटना, मग आणखी एक सूचना. "उलटे_बाण" यांच्या भाषेत, एकही उणे नसलेला लूप. एक सूचना वाढवायची तर दोन काढायच्या, असा नियम फार्मसी समितीने करावा.

चेकलिस्टबद्दलही एक सावधगिरी. १९ मुद्द्यांची सर्जिकल चेकलिस्ट जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली काढली. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांतला अभ्यास २००९ ला आला: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८, गुंतागुंत ११ वरून ७ टक्के. मग कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात ती सक्तीची झाली, १०१ हॉस्पिटलांचे आकडे २०१४ ला आले, आणि लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही. कागद तोच. सक्तीमुळे टिकमार्क शंभर टक्के होतात. चीर देण्याआधी सर्जनला थांबवण्याची नर्सला मुभा आहे की नाही हे कागदावर येत नाही. उलट मिशिगनच्या आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या, म्हणजे कॅथेटरच्या) संसर्गावर जे काम झालं (२००६ ला प्रसिद्ध), तिथे पाचच पायऱ्या होत्या, पण सोबत सगळं सामान एकाच गाडीवर आणलं आणि पायरी चुकली तर नर्सने प्रक्रिया थांबवायची हे वरून मान्य केलं. संसर्गाचा मध्यक दर हजार कॅथेटर-दिवसांमागे २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. मला तरी त्यात त्या गाडीचा आणि मुभेचा वाटा कागदापेक्षा मोठा वाटतो.

तुमच्यासाठी थेट: चुकांच्या नोंदीपुढे त्या तासाची ऑक्युपन्सी आणि एका नर्समागे पेशंट हे दोन रकाने जोडा. दुपारी दोनच्या औषधफेरीवर शिफ्ट बदल, ॲडमिशन आणि डिस्चार्ज तिन्ही येऊन आदळत असतील तर फेरीचीच वेळ हलवा.

---

रांगेचं_गणित

मोजमापाचं राहिलं होतं. बदल करण्याआधीचे निदान २० आठवडे किंवा २० दिवसांचे बिंदू आलेखावर हवेत. शूहार्ट यांनी १९२४ साली आखलेला कंट्रोल चार्ट (नेहमीचे चढउतार आणि खरा बदल वेगळे दाखवणारा आलेख) अजून पुरतो. मध्यरेषेच्या एकाच बाजूला सलग आठ बिंदू आले तर बदल खरा म्हणा; "मागच्या महिन्यापेक्षा ६ टक्के सुधारणा" यावर पेढे वाटू नका. एका वेळी एकच बदल, आणि तो एकाच वॉर्डात.

प्रत्येक आकड्याला जोडीदार द्या. मुक्काम कमी करताय? सात आणि तीस दिवसांत परत भरती झालेले मोजा. इमर्जन्सीचा वेळ कमी करताय? ७२ तासांत परत आलेले, न तपासता निघून गेलेले, आणि रात्री दहानंतर वॉर्ड बदललेले मोजा. इंग्लंडने २००४ पासून इमर्जन्सीसाठी चार तासांचं लक्ष्य कडक केलं, ९८ टक्के पेशंटसाठी (२०१० ला ते ९५ वर आणलं). थांबण्याचा वेळ बराच उतरला हे खरं. पण वेळांचा आलेख काढला की चार तास भरायच्या आधीच्या शेवटच्या काही मिनिटांत पेशंट बाहेर काढल्याचा सुळका दिसायचा. बाराच्या आत डिस्चार्जचंही तेच होतं: संध्याकाळी जाऊ शकणारा पेशंट दुसऱ्या दिवशी सकाळी "वेळेत" जातो, टक्केवारी सुधारते आणि खाटेची एक रात्र जाते. ते परिपत्रक मी तरी मागे घेईन आणि त्याजागी १ ते ५ मधले तास मोजेन.

---

वॉर्डची_चावी

सोमवारी सुरू करताय तर एक गोष्ट आधी तपासा. वॉर्डचं भिंतीवरचं घड्याळ, मॉनिटरचं, बिलिंगच्या संगणकाचं आणि सफाईवाल्याच्या फोनचं, यांत दहा-बारा मिनिटांचा फरक सहज असतो. मग सफाई पेशंट जायच्या आधीच सुरू झालेली दिसते आणि पहिल्याच मीटिंगला कुणीतरी "तुमचा डेटाच चुकीचा" म्हणून सगळं मोडीत काढतं. सगळ्या वेळा फोनच्या घड्याळावरूनच लिहायच्या असं ठरवा. आणि क्रमांक १ ची व्याख्या आधी लिहून घ्या: तोंडाने औषध घेतोय, ऑक्सिजन नाही, आज शिरेतून काही द्यायचं नाही, उभा राहू शकतो किंवा घरी बघणारं कुणी आहे. मेडिसिन आणि सर्जरीची वेगळी करा. व्याख्या नसेल तर प्रत्येक जण आपापल्या मनाची वेळ टाकेल आणि सगळ्यात महत्त्वाची फट तुमच्या तक्त्यात शून्य दिसेल.

---

खाटांचा_हिशेब

व्याख्या दोन्ही विभागांकडून उद्या लिहून घेतो. शंभर डिस्चार्ज झाले की तक्ता इथेच टाकेन, नावं-नंबर काढून.